तीस दिवसांचा गाभ

दीपक गलांडे हा काही खरा डॉक्टर नव्हे. जनावरांच्या दवाखान्यातला दोन वर्षांचा डिप्लोमा आणि मग बारामतीला डॉक्टर वसंतरावांच्या हाताखाली तीन वर्षं, एवढीच त्याची शिदोरी. पण बावड्यापासून थेट नीरेच्या काठापर्यंत सगळे त्याला डॉक्टरच म्हणत आणि तोही कुणाला दुरुस्त करायला जात नसे. फुकटचा मान कुणाला जड झालाय?

त्यात दोन वर्षांपूर्वी त्यानं गाईंच्या सोनोग्राफीचं मशीन घेतलं, तेव्हापासून तर गड्याचे पाय जमिनीला लागेनात. शाळेच्या पाटीएवढा पडदा गळ्यात अडकवायचा, त्याला लांब वायर, आणि वायरच्या टोकाला बोटभर दांडी. कोपराच्या वरपर्यंत प्लॅस्टिकचा मोजा चढवून ती दांडी गाईच्या मागून आत न्यायची, की आतलं सगळं पडद्यावर हजर. लोक तोंडात बोट घालून बघायचे. कुणी विचारलं की दीपकची टकळी सुरू.

"आवाजानं दिसतं ह्ये. आपल्या कानाला सेकंदाला वीस हजार थरथरीपोतर ऐकू येतं, त्येच्या म्होरलं न्हाय. कुत्र्याला आपल्यापेक्षा जास्त येतं, वटवाघळाला त्येच्याबी जास्त. ह्या दांडीतला आवाज साठ लाखांचा. ह्यो कुणालाच ऐकू येत न्हाय. आडात हाक मारली की माघारी येती का न्हाय? तसा ह्यो पोटात जातो आन् माघारी येतो. कुठनं माघारी आला, त्येचं चित्र हितं उमटतं. पाणी काळं, हाड पांढरं."

मग तो सांगायचा, की त्याचा मावसभाऊ अविराज साखर कारखान्यात ह्याच आवाजानं चरकाच्या लोखंडातल्या चिरा शोधतो, आणि धरणावर काही नाववाले ह्याच आवाजानं मासे हुडकतात. "आवाज एकच, धंदे निराळे," असं म्हणून तो पडदा पुसायचा. पूर्वी हातानं तपासून गाय गाभण आहे का हे कळायला अडीच-तीन महिने जायचे. दीपक तिसाव्या दिवशी सांगायचा, आणि आजवर त्याचं खोटं ठरलं नव्हतं.

मशीनच्या आधी बावड्यात हे काम कोण करायचं, तर कुशाबाई. साठी उलटलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, वस्तीवर एकटी राहणारी बाई. ती गाईला हातसुद्धा लावायची नाही. गाय कशी बसते, कशी रवंथ करते, अंगावरची लव कशी दिसते, एवढं बघायची आणि सांगून टाकायची, धरली किंवा नाही धरली. बाया आपापल्या गाई मुद्दाम तिच्या दारावरून पाण्याला न्यायच्या. दहातल्या नऊ वेळा म्हातारी बरोबर ठरायची, आणि दहाव्या वेळी गाय ऐनवेळी बिघडली असं म्हणायची.

तिची स्वतःची एकच गाय, कबरी. वासरू असल्यापासून वाढवलेली. दोन वेतं झाली आणि मग कबरीला काय झालं कोण जाणे, तीनदा भरवली आणि तीनदा उलटली, म्हणजे एकवीस दिवस झाले की पुन्हा माजावर हजर. कुशाबाईचा मुलगा राम बारामतीला कंपनीत होता. तो आणि त्याची बायको स्वरूपा दोन वर्षं तिच्या मागं लागलेले, की म्हातारपणी वस्तीवर एकटी कशाला, इकडं फ्लॅटवर या. पोरगा वाईट नव्हता, त्याचा जीव तुटायचा. आईची सबब एकच, "माझी गाय कोण बघंल?" शेवटी रामनं सांगून टाकलं, "चौथ्यांदा भरीव. धरली तर तू तिथंच राहा, मी पुन्यांदा बोलायचा न्हाय. नाही धरली तर गाय विकायची आणि गप बारामतीला यायचं." म्हातारीनं कबूल केलं. दीपकनंच कबरी भरवली. या वेळी एकवीस दिवसांनी ती माजावर दिसली नाही, पण कधी कधी माज मुकाही जातो, म्हणून तिसाव्या दिवशी सकाळी साडेआठला तो मशीन घेऊन तिच्या दारात आला.

निकाल ऐकायला चार-पाच शेजारणी आधीच जमल्या होत्या. दीपकनं मोजा चढवायच्या आत कुशाबाई म्हणाली, "बघ बाबा, बघायचं तर. पर मी सांगते, धरलीया. धा दिसामागंच कळलंय मला."

बाया हसल्या. यशोदा नावाची एक तोंडाळ शेजारीण म्हणाली, "मग मशीन कशाला वो काकी? दीपकला च्या पाजा आन् लावा वाटंला."

दीपकही हसला, पण त्याला ते लागलं. एवढं लाखाचं मशीन गळ्यात, बारामतीला दुपारी त्याच मशीनवर बोलायला बोलावलेलं, आणि इथं एक निरक्षर म्हातारी चार बायांत त्याच्या आधी निकाल देऊन मोकळी. त्यानं दांडी आत नेली.

"गाईला ऐकू येतं का रं ह्यो आवाज?" कुशाबाईनं विचारलं.

"न्हाय काकी."

"आन् पोटातल्याला?"

"आदी पोटात कोण हाय का ते तर बघू," दीपक म्हणाला आणि बाया पुन्हा हसल्या. हसण्याची बाजू आता त्याची होती, त्याला बरं वाटलं.

गाईच्या गर्भपिशवीला दोन फाटे असतात, त्यांना शिंगंच म्हणतात. एक उजवं, एक डावं. दोन्ही बघायची असतात, हे शिकाऊ पोरालाही माहीत असतं. दीपकनं उजवं शिंग बघितलं, काही नव्हतं. डाव्याकडं वळतोय तोच खिशातला फोन वाजला. बारामतीहून प्रशिक्षणवाल्यांचा. मोकळ्या हातानं फोन कानाला लावून तो बोलत राहिला, दोन वाजता पोचतो, हो, वायर आहे माझ्याकडं, हो हो. ऊन सरळ पडद्यावर पडलं होतं. बोलता बोलता त्यानं दांडी डाव्या अंगानं फिरवली आणि बाहेर काढली.

फोन ठेवून तो म्हणाला, "रिकामी हाय काकी."

आता खरं ते सांगायला हवं. डावं शिंग त्यानं नीट बघितलं नव्हतं, हे त्याला त्या क्षणीही माहीत होतं. मनात आलं होतं, पुन्हा एकदा आत घालावी. पण पुन्हा घातली असती तर बाया म्हणाल्या असत्या, मशीनलाच कळंना. आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट. कबरी रिकामी निघाली म्हणजे कुशाबाई चुकली, आणि ती चुकलेली त्याला हवी होती. म्हातारीचं वाईट व्हावं असं त्याच्या मनात नव्हतं हो, फक्त ती चारचौघींत एकदा चुकावी, एवढंच.

"नीट बघितलंस?" कुशाबाईनं विचारलं.

"मशीन खोटं बोलत न्हाय काकी."

ती कबरीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "मग मलाच कळंनासं झालं म्हणायचं." आणि हळू आवाजात पुढं म्हणाली, "दीपक, रामला मी समजावते. आणिक एकदा बघू. एकच डाव. तू काय तरी कर."

दीपकनं पेटीतून इंजेक्शन काढलं. रिकाम्या गाईला दिलं की तीन-चार दिवसांत ती माजावर येते, मग भरवता येतं. रोज पाच-दहा गाईंना देतात. फक्त एक गोष्ट सांभाळायची, गाय गाभण नसावी. गाभण गाईला दिलं तर गाभ पडतो. दीपकनं सुई टोचली, मशीन गुंडाळलं आणि चहा पिऊन निघाला.

दुपारी दोनला तो बारामतीत होता. प्रशिक्षणाला तीस पोरंपोरी, सगळी डिप्लोमाची, आणि शिकवायला खुद्द डॉक्टर वसंतराव. त्यांनी दीपकची ओळख करून दिली, "हा माझा विद्यार्थी. खेड्यात राहून हे काम करतो." दीपकनं मान खाली घातली आणि मशीनची वायर भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडली. दांडी बाहेर काढली की शेवटची वीस सेकंदं ते मशीन आपोआप साठवून ठेवतं. वसंतराव एकेक तुकडा लावून दाखवू लागले. ही रिकामी पिशवी, ही सूज, हा दोन महिन्यांचा गाभ.

"थांबा," ते मधेच म्हणाले. "हे बघा. हे छान आहे."

भिंतीवर हातभर काळं पाणी पसरलं होतं. पाण्यात तुरीच्या डाळीसारखं काहीतरी पांढुरकं, आणि त्या डाळीच्या मधोमध एक ठिपका भराभर लुकलुकत होता.

"हे काळीज. तीसएक दिवसांचा गाभ, डावं शिंग. मिनिटाला दीडशेच्या वर ठोके असतात या वयात. आपल्याला काही ऐकू येत नाही, पण दिसतात. किती स्पष्ट आलंय बघा."

दीपकनं पडद्याच्या कोपऱ्यात बघितलं. तारीख आजची होती. वेळ आठ वाजून एक्केचाळीस मिनिटं.

आठ एक्केचाळीसला तो फोनवर वायरीबद्दल बोलत होता.

"कुठली गाय, दीपक?"

"बावड्याची, सर."

"मालक खूश झाला असेल."

"मालकीण आहे, सर," दीपक म्हणाला. आणि मग आपल्याच कानांनी त्यानं स्वतःला म्हणताना ऐकलं, "हो, खूश झाली."

मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "सर, परत लावा ना." वसंतरावांनी परत लावलं. मग पोरांनी मोबाइलवर चित्रण करायचं म्हणून पुन्हा दोनदा. चार वेळा ते काळीज भिंतीवर लुकलुकलं आणि चारही वेळा दीपकला हसऱ्या तोंडानं बाजूला उभं राहावं लागलं. पोटातल्याला ऐकू येतं का, असं म्हातारीनं विचारलं होतं. त्याला भिंतीकडं बघवेना.

चहाच्या सुट्टीत त्यानं वसंतरावांना गाठलं. "सर, एका पोरानं, माझ्या ओळखीच्या, गाय रिकामी समजून माजाचं इंजेक्शन दिलं. नंतर कळलं गाभण होती. काही करता येतं का?"

"किती वेळ झाला?"

"सहा-सात तास."

वसंतरावांनी कप खाली ठेवला. "मग इथं काय चहा पितोय तो? गाभ टिकवायचं इंजेक्शन आजच्या आज, अंधार पडायच्या आत गेलं पाहिजे. खात्री नाही, पण असे गाभ वाचलेले मी पाहिलेत. निम्मी आशा धर. उद्या सकाळी गेला तर शून्य. आणि रोज टोचावं लागेल, कितीतरी दिवस. म्हणजे मालकाला सांगण्यावाचून सुटका नाही." त्यांनी आपल्या बॅगेतून दोन बाटल्या काढून दीपकच्या हातात दिल्या. कोणता पोरगा, हे विचारलं नाही. "चूक झाली म्हणून सांगायला लाजू नको म्हणावं त्याला. माझ्या हातून तीन झाल्यात. तिन्ही वेळा तोंडावर जाऊन सांगितलंय, शिव्या खाल्ल्यात, आणि रात्री झोपलोय."

दीपक पुढचं प्रशिक्षण टाकून निघाला. बारामती ते इंदापूर, इंदापूर ते बावडा. उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून रांगेनं चाललेल्या, त्यांना ओलांडताना त्यानं दोनदा जीव धोक्यात घातला. वाटभर तो शब्द जुळवत होता. काकी, माझी चूक झाली. काकी, तुमचंच खरं होतं. दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा अवघड जात होतं, पण म्हणून बघता बघता जमायला लागलं. इंदापूर सोडलं तेव्हा त्याची खात्री झाली होती की आपण सांगणार.

वस्तीच्या वळणावर तो पोचला तेव्हा दिवस मावळायला पाव घटका होती. कुशाबाईच्या अंगणात सकाळच्याच बाया बसल्या होत्या, गवार निवडत. मधल्या शेवग्याआड त्यानं गाडी थांबवली. बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"म्हातारपण म्हणत्यात ते हेच," कुशाबाई सांगत होती. "डोळ्याम्होरं दिसत हुतं मला, धरलीया म्हणून. आन् दीपकनं बघितलं तर रिकामी. चांगलं झालं बाई मशीन आलं, न्हायतर मी आसंच लोकांस्नी फसवत बसले असते."

"आवो एकांद्या डावाला हुतंय काकी," कुणीतरी म्हणालं.

"एकांद्या डावाला हुतंय तर मागं किती डाव झालं आसंल, कुणास ठावं?" असं म्हणून म्हातारी स्वतःवरच हसली आणि बायाही हसल्या.

दीपकच्या खिशात बाटल्या होत्या. पन्नास पावलं चालायचं होतं. त्याला वाटलं, आता ह्या सगळ्यांसमोर? एकटी असती तर सांगितलं असतं. बाया उठतील, मग जाऊ. बाया उठेनात. त्याच्या मनात आलं, सरांनी निम्मीच आशा सांगितलीय, म्हणजे निम्मी नाहीच. मग आलं, रामला कळेल, गावाला कळेल, त्या तीस पोरांनाही कळेल. माणूस पळायचं ठरवतो ना, तेव्हा त्याला कारणं शोधावी लागत नाहीत, ती आपली आपण चालत येतात. त्यानं गाडीला किक मारली, वळवली आणि आल्या वाटेनं गेला. बाटल्या त्यानं घरी फ्रिजमध्ये ठेवल्या, सकाळी लवकर जाऊ म्हणून. सकाळी तो गेला नाही. शून्यासाठी जायचं कशाला, असं त्यानं मनाला सांगितलं.

चौथ्या दिवशी कबरी माजावर आली. कुशाबाईचा फोन आला, "दीपक, तू म्हणला तसंच झालं बघ. चौथ्या दिशी म्हणजे चौथ्या दिशी. गुणाचा हायेस."

तो गेला. त्याच्याकडची सगळ्यात चांगल्या वळूच्या रेताची कांडी त्यानं कबरीला भरली आणि पैशाचं नाव काढू दिलं नाही. म्हातारीनं दुवा दिला. त्याला वाटलं, ही धरली की फिटलं. गाय गाभण राहील, काकी वस्तीवर राहील, कुणाचंच काही बिघडणार नाही, आणि ते भिंतीवरचं आपण विसरून जाऊ. एकवीस दिवस तो नास्तिक गडी रोज सकाळी मारुतीच्या पारावरून गाडी हळू नेत होता. ज्या गाभाला त्यानं मारलं, त्याच्या जागी दुसरा दे, असा तो देवाशी सौदा. बाविसाव्या दिवशी कबरी उलटली.

आणिक एक डाव द्यायचा शब्द रामनं पाळला होता, आता आईनंही आपला पाळला. सुपे गावाकडचं एक गिऱ्हाईक टेम्पो घेऊन आलं. कबरी टेम्पोत चढेना, तेव्हा कुशाबाईनंच तिला चुचकारून चढवली, असं यशोदेनं नंतर दीपकला सांगितलं. त्या दिवशी दीपक मुद्दाम दुसऱ्या गावाला होता. पुढच्याच आठवड्यात वस्तीला कुलूप लागलं आणि म्हातारी बारामतीला फ्लॅटवर गेली.

दीपकचा धंदा मात्र वाढला. कुशाबाई चुकली, मशीन नाही चुकलं, ही गोष्ट पंचक्रोशीत झाली होती. लोक लांबून बोलावू लागले. प्रत्येक गाईला तो आता दोन्ही शिंगं दोन-दोनदा बघायचा, फोन बंद करून, डोक्यावर टॉवेल घेऊन. गाभण निघाली की मालक हसायचा, आणि दीपकला पडद्यावर ती डाळ लुकलुकताना दिसली की घाम फुटायचा. बायकोनं विचारलं, बरं वाटत नाही का. तो म्हणाला, ऊन लागतं. जेवण त्याला गोड लागेना.

एके दिवशी यशोदेनं त्याला तिच्या म्हशीसाठी बोलावलं. काम झाल्यावर हसत म्हणाली, "मी आदी कुशाकाकीला फोन लावला हुता हां. म्हणलं, आशी आशी बसती, आसं आसं करती, काय वाटतंय सांगा. तर काकी म्हणती, मला काय बी कळत न्हाय गं बाई आता, दीपकला इचार. इतकी वरसं सांगत आलेली बाई, आन् आता आंगच काढून घेतलं."

दीपकनं हात धुतले आणि तसाच गाडीवर बसून बारामतीला गेला.

दुसरा मजला. दार कुशाबाईनंच उघडलं. स्वरूपा कामावर गेलेली, राम कंपनीत. म्हातारी स्वच्छ लुगड्यात होती, तब्येतीनं बरी दिसत होती, आणि घरात कुठं बसावं हे तिला माहीत नसल्यासारखी भिंतीच्या कडेला खाली बसली. "आरं दीपक, तू? ये लेकरा. हितं पिशवीतल्या दुधाचा च्या प्यावा लागंल बघ तुला." तिनं चहा केला. दीपकनं कप हातात धरला आणि प्यायच्या आधीच बोलून टाकलं.

"काकी, कबरी गाभण हुती."

ती पुन्हा भिंतीच्या कडेला खाली बसली.

"तुमी म्हणला तेच खरं हुतं. मी एकच शिंग बघितलं, दुसरं बघितलंच न्हाय. फोनवर बोलत हुतो. आन् वरनं ते इंजेक्शन दिलं. त्यानं गाभ पडला. माझ्या हातनं पडला." त्यानं मोबाइल काढून, मशीनवरून त्यात उतरवून घेतलेला तो वीस सेकंदांचा तुकडा लावला आणि तिच्यापुढं धरला. "ह्ये बघा. ह्ये काळीज."

कुशाबाईनं मोबाइल दोन्ही हातांत घेतला आणि डोळ्यांजवळ नेला. तुकडा संपला की दीपक पुन्हा लावून देई. तिसऱ्यांदा बघून झाल्यावर तिनं मोबाइल परत दिला. डोळे पुसले. "कालवड असंल," ती म्हणाली. मग म्हणाली, "हुती चूक. माणसाच्या हातनंच हुती, दगडाच्या न्हाय. कवा कळलं तुला?"

याच प्रश्नाचं उत्तर त्यानं वाटेत जुळवलं नव्हतं.

"काल," दीपक म्हणाला. "जुनं बघत बसलो हुतो, तवा दिसलं."

"आन् लगोलग आलास." तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आसं कोण येतंय आजकाल? दडपून टाकलं असतं दुसऱ्यानं. रडू नगंस. च्या पी."

दीपकनं चहा प्यायला. म्हातारीनं तेवढ्यात रामला फोन लावला, आवाज मोठा करून, कारण आपल्या कानांचा तिला आता भरवसा वाटत नव्हता. सगळी हकिगत सांगितली. पलीकडून राम चिडलेला ऐकू आला, "असा कसा डॉक्टर तो? आई, त्याच्यामुळं—"

"गप," कुशाबाई म्हणाली. "त्येला काय बी बोलायचं न्हाय. काल कळलं आन् आज येऊन पायाशी बसलाय पोरगा. एवढं खरं वागणारा माणूस तुझ्या कंपनीत एक तरी हाय का, सांग. मला त्येचा राग न्हाय आन् तूबी धरायचा न्हाईस."

दीपकनं कप खाली ठेवला. शिव्या घातल्या असत्या तर त्यानं खाल्ल्या असत्या, त्या खायलाच तो आला होता. हे त्याला सोसेना.

"काकी," तो म्हणाला, "मला त्याच दिशी कळलं हुतं."

फोन चालूच होता.

"त्याच दिशी दुपारी. औषध बी मिळालं हुतं. सांजच्या आत दिलं असतं तर गाभ वाचायची निम्मी आशा हुती. घेऊन आलो हुतो मी. वळणापोतर आलो. तुमी बायांत बसला हुता. मला सांगायची लाज वाटली, आन् मी माघारी गेलो."

कुशाबाईच्या तोंडावर राग दिसेल म्हणून तो वाट बघत होता, पण ती दुसराच काहीतरी हिशेब लावत असल्यासारखी जमिनीकडं बघत होती.

"शेवग्याखाली थांबला हुतास," ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली. "किक मारल्याली ऐकली मी. बायांस्नी म्हणलंबी, दीपकची गाडी. त्या म्हणल्या, न्हाय वो काकी, तुमाला भास हुत्यात. म्हणलं, आसंल. सकाळी डोळं गेलं, आता कान बी गेलं."

"न्हाय काकी. काय बी गेलं न्हवतं."

"त्या दिवसापस्नं मी माझं काय बी खरं धरलं न्हाय. राम म्हणला गाय इक, इकली. म्हणला चल, आले. मला काय कळतंय, आसं म्हणून आले." तिनं पहिल्यांदा त्याच्याकडं सरळ बघितलं. "मी चुकले न्हवते."

"न्हाय. एकदाबी न्हाय."

फोनमधून राम म्हणाला, "आई? आई, ऐकू येतंय का?"

"येतंय," कुशाबाई म्हणाली. "चांगलं येतंय. राम, मला बावड्याला नेऊन सोड. आजच. गाय नसली तर नसली, मी हितं ऱ्हायाची न्हाय." उत्तराची वाट न बघता तिनं फोन बंद केला, भिंतीला धरून उठली आणि खुंटीवरची आपली पिशवी काढून तिच्यात लुगडी भरायला लागली.

दीपकही उठला. काय करावं हे न सुचून तो म्हणाला, "काकी, राम सुटंपोतर कशाला थांबता? मी सोडतो. गाडी करून आणतो आत्ता."

कुशाबाईनं लुगड्याची घडी घातली, ती पिशवीत ठेवली, आणि वर न बघता म्हणाली, "तुमी नगं, डॉक्टर. तुमी जावा."